सही करण्याआधी गाडीत बसवून पाहिलं

ड्रॅग शर्यतीच्या दिवशी सकाळी टेक तपासणीत (धावेआधी गाडी आणि सुरक्षासाधनं तपासतात ती) माझा बराचसा वेळ तारखा वाचण्यात जातो. हार्नेसवरची, म्हणजे ड्रायव्हरला सीटला बांधणाऱ्या पट्ट्यांवरची तारीख, हेल्मेटच्या आतलं स्नेलचं लेबल, फायरसूटवरचा एसएफआयचा बिल्ला, आणि डोकं-मान धरून ठेवणाऱ्या उपकरणावरचा स्टिकर. (स्नेल आणि एसएफआय या सुरक्षासाधनांची मानकं ठरवणाऱ्या संस्था.) हे उपकरण एसएफआय ३८.१ मानकाचं असावं लागतं आणि दर पाच वर्षांनी ते उत्पादकाकडून तपासून पुन्हा प्रमाणित करून घ्यावं लागतं. स्टिकर मुदतीत असला की नियमापुरतं काम झालं. पण ड्रायव्हर नवा असेल किंवा गाडी नवी असेल, तर उपकरण आणि हेल्मेट घालून, पट्टे आवळून त्याला गाडीत बसवल्याशिवाय मी कार्डावर सही करत नाही. रांग खोळंबते, लोक कुरकुरतात. कुरकुरू देत.

त्या दिवशी रांगेत बावीस-तेवीस वर्षांची एक मुलगी होती, सोबत वडील आणि भाऊ. दोन हंगाम ती दारांची, साध्या कारसारखी गाडी पाव मैल दहा सेकंदांत पळवत होती. आता तिच्याकडे मागे इंजिन असलेला लांबलचक ड्रॅगस्टर आला होता. साडेसात सेकंद आणि ताशी २९० किलोमीटरच्या आसपास जाणारी गाडी. लायसन्ससाठीच्या तिच्या धावा त्याच दिवशी व्हायच्या होत्या. कागद चोख. हेल्मेट स्नेलच्या एसए२०२० मानकाचं, म्हणजे उपकरण अडकवायचे खिळे बसवायला कारखान्यातूनच आटे पाडलेलं. (मोटरसायकलच्या हेल्मेटला घरी ड्रिल मारून खिळे बसवलेले मी पाहिले आहेत. तसं हेल्मेट मी सरळ बाजूला काढून ठेवतो, त्यावर चर्चा नाही.) मानेचं उपकरण हान्स पद्धतीचं (मानेमागे उभी कॉलर, खांद्यांवरून छातीवर उतरणारे तिचे दोन पाय, आणि कॉलरला हेल्मेटशी जोडणारे टेदर म्हणजे छोटे पट्टे), कार्बन फायबरचं, मुदतीतलं, जुन्या गाडीत वापरलेलं.

"आता गाडीत बस," मी म्हणालो. "अगदी धावेला बसतेस तशी. हातांच्या पट्ट्यांसकट."

"सर, हेच दोन वर्षं वापरतेय. छान बसतं मला."

"त्या गाडीत छान बसत असेल. या गाडीत बघू."

ड्रॅगस्टरमध्ये ड्रायव्हर जवळजवळ रेलून बसतो. पाठ मागे कललेली असते, पण समोरचा ट्रॅक आणि दिव्यांचं झाड, म्हणजे सुटायचा इशारा देणाऱ्या दिव्यांचा खांब, दिसायला हवं म्हणून डोकं सरळच ठेवावं लागतं. म्हणजे छातीच्या मानाने हनुवटी पुढे झुकते. हान्सचे वेगवेगळे कोन असतात ते यासाठीच. साध्या, ताठ बसायच्या गाडीला १० किंवा २० अंशांचा, रेलून बसायच्या गाडीला ३० चा, फारच आडवं बसायचं असेल तर ४० चा. तिच्याकडे होता २० चा. जुन्या गाडीला अगदी योग्य.

ती बसली, भावाने पट्टे आवळले. मी वाकून पाहिलं. मानेमागची उभी कॉलर सीटच्या डोक्यामागच्या पॅडवर टेकली होती. मागून ती टेकल्यामुळे छातीवरून खाली येणारे उपकरणाचे दोन्ही पाय पुढून उचलले गेले होते. उजव्या पायाखाली माझं बोट सहज गेलं. हेल्मेटपासून कॉलरपर्यंतचे टेदर आत्ताच ताणलेले होते, ती नुसती सरळ बघत असताना. टेदर शेवटच्या टोकापर्यंत सैल केलेत हेही दिसलं. विचारलं तर भाऊ म्हणाला, काल बसून पाहिलं तेव्हा तिला मान वळवता येईना, म्हणून सोडले.

आता खांद्यांचे पट्टे. मागच्या आडव्या पाइपवर ते एकमेकांपासून बरेच लांब गुंडाळले होते. आधीचा मालक रुंद खांद्यांचा असावा, आणि तो हान्स वापरत नसेल. हान्स पद्धतीच्या उपकरणाला खाली धरून ठेवतो तो फक्त या दोन पट्ट्यांचा दाब. दुसरं काही नाही. पट्टा त्याच्या पायावर पूर्ण रुंदीने, सपाट बसायला हवा. हिचा उजवा पट्टा अर्धा पायावर, अर्धा नुसता फायरसूटवर होता.

मी हेल्मेटच्या हनुवटीच्या पट्टीला दोन्ही हातांनी धरलं आणि तिला सांगितलं, "डोकं पुढे लोट, मीही हळूहळू ओढतो. काही टोचलं तर लगेच सांग." जोर फार नव्हता, पेटी सरकवायला लावतो तेवढा. डावी बाजू टिकली. उजवा पाय आधी थोडा तिरका झाला आणि मग पट्ट्याखालून आतल्या बाजूने सुटून मानेजवळ आला. आवाजसुद्धा झाला नाही. पट्टा तिच्या खांद्यावर होता तसाच घट्ट, आणि ज्याला तो धरून ठेवायचा ते उपकरण हेल्मेटला लोंबकळत होतं.

वडील जवळच उभे होते. त्यांनी पाहिलं आणि ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पण स्टिकर तर बरोबर आहे ना?"

स्टिकर बरोबरच होता. त्या मानकाची चाचणी स्लेडवर, म्हणजे धडकेसारखा झटका देणाऱ्या रुळावरच्या गाड्यावर होते, बाहुलीला उपकरण ठरल्याप्रमाणे घालून, पट्टे जागेवर बसवून, आणि त्यात मानेवरचा ताण ४००० न्यूटनच्या आत राहावा लागतो. आपल्या गाडीत ते उपकरण तसंच बसलं नाही, तर त्या आकड्याचा आपल्याशी काही संबंध उरत नाही.

वडिलांनी मग गाडीतून फोमचा जाड गोल काढला, पूर्वी सगळेच वापरायचे तो. "निदान आजच्या दिवस हा चालेल का? आम्ही वर्षानुवर्षं हेच घालून पळवल्या गाड्या." त्यांचा प्रश्न मनापासूनचा होता म्हणून मी थांबून उत्तर दिलं. डोकं साडेचार-पाच किलोचं, हेल्मेट दीड किलोचं. भिंतीला समोरून धडकताना ५० जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या पन्नासपट झटका बसला तर हे साडेसहा किलो सव्वातीनशे किलोच्या जोराने पुढे खेचले जातात. धड हार्नेसने सीटला बांधलेलं असतं. मधे फक्त मान. हा ताण कवटीच्या तळाचं हाड फोडतो. फोमचा गोल हेल्मेटला खालून टेकू देतो, ओढीला तो काहीच करत नाही. १९८१ मध्ये मिड-ओहायोच्या ट्रॅकवर पॅट्रिक जॅकमार्ट याच दुखापतीने गेला. त्याचा मित्र, रेसर जिम डाउनिंग, याने आपला मेहुणा रॉबर्ट हबर्ड याला गाठलं. हबर्ड मिशिगन स्टेट विद्यापीठात बायोमेकॅनिक्सचा प्राध्यापक होता. दोघांनी मिळून हान्स तयार केलं. बरीच वर्षं बहुतेक ड्रायव्हर ते अवजड म्हणून टाळत राहिले. फेब्रुवारी २००१ मध्ये डेटोनाच्या शर्यतीत नामांकित ड्रायव्हर डेल अर्नहार्ट गेला, आणि त्याच वर्षी नॅसकार या अमेरिकी शर्यत-संघटनेने डोकं-मान धरणारं उपकरण सक्तीचं केलं. फॉर्म्युला वनने हान्स २००३ मध्ये सक्तीचं केलं.

"आणि ड्रॅगमध्ये तर," मी म्हणालो, "भिंत लागायचीही गरज नाही. गाडी थांबवणारं पॅराशूट उघडलं की प्रत्येक धावेत डोकं पुढे जातं." टॉप फ्युएल या सगळ्यात वेगवान वर्गाच्या गाड्यांना त्या क्षणी चार-पाच जी बसतात. हिच्या गाडीला कमी, पण उपकरणावर प्रत्येक धावेला भार येतोच. गोल गाडीत परत गेला.

धावा दुपारी होत्या, हाताशी वेळ होता. दोन संघांनी आपली उपकरणं वापरून बघायला दिली. पिटमधली माणसं अशा वेळी मागे राहत नाहीत, याचा मला दर वेळी आनंद वाटतो. तिसऱ्यानेही एक आणलं, पण त्याचा टेदर कॉलरच्या खाचेजवळ विसविशीत झाला होता, दोरे बाहेर आले होते. ते मी तिथल्या तिथे परत दिलं आणि मालकालाही सांगितलं, की टेदर बदलल्याशिवाय तूही हे घालू नकोस.

राहिली दोन. एक सिम्पसन कंपनीचं हायब्रिड, दुसरं हान्सच, पण ३० अंशांचं.

हायब्रिड अंगाला स्वतःच्या पट्ट्यांनी बांधलेलं असतं. खांद्याच्या पट्ट्यातून पाय निसटण्याचा प्रकार त्यात नाही, आणि धडक तिरकी असेल तेव्हाही ते जागेवर राहतं. मागे जाडीही कमी. अरुंद ड्रॅगस्टरसाठी मला स्वतःला ते आवडतं. तिने घातलं, मान दोन्हीकडे वळवली, खूश झाली. अडचण आली ती मापाची. ते उपकरण तिच्यापेक्षा खूप रुंद छातीच्या माणसाचं होतं. छातीचा पट्टा शेवटपर्यंत ओढूनही आत हात जात होता. मापाचं मिळालं असतं तर मी तेच सुचवलं असतं. सैल घालून पाठवणं शक्यच नव्हतं.

मग ३० चं. या वेळी मागची कॉलर पॅडपासून मोकळी राहिली आणि पाय छातीवर पूर्ण टेकले. मानेचं माप टी-शर्टवर न घेता फायरसूटच्या कॉलरसकट पाहिलं, कारण जाड सूटमध्ये मिडियमचं लार्ज व्हायला वेळ लागत नाही. मिडियमच बसलं. भावाने मागचे पट्टे पाइपवर आत सरकवले, एकमेकांच्या जवळ, आणि ते पुन्हा बाहेर सरकू नयेत म्हणून पाइपवर दोन्ही बाजूंना कडी कसली. पट्टे खांद्यामागे कसे जातात तेही पाहिलं: जवळजवळ आडवे, किंचित खाली. फार खाली उतरले तर धडकेत ते खांद्यांवरून पाठीचा कणा दाबतात.

टेदरला आम्ही सगळ्यात जास्त वेळ दिला. घट्ट केले की ती झाडाचे दिवे पाहू शकेना. सैल केले की डोकं पुढे जाऊन मगच टेदर पकडणार, म्हणजे उशीर. शेवटी अशा जागी आले की तिला दिवे दिसत होते, पॅराशूटचा दांडा आणि इंधन बंद करायचा दांडा नजरेच्या टप्प्यात होता, परतीच्या रस्त्याला वळताना लागेल तेवढी मान फिरत होती, आणि हेल्मेट ओढलं की टेदर लगेच लागत होते. मी पुन्हा हनुवटीची पट्टी धरून ओढली. या वेळी जास्त जोराने. पाय हलले नाहीत. वडिलांना म्हणालो, "आता तुम्ही ओढा." त्यांनीही ओढून पाहिलं.

एक काम बाकी होतं. लायसन्सच्या चाचणीत डोळे बांधून सगळी बटणं आणि दांडे शोधायला लावतात. त्याला जोडून मी बाहेर पडायलाही लावतो, उपकरण आणि हेल्मेट अंगावर ठेवून, कारण आग लागली तर खिळे सोडवत बसायला वेळ नसतो. पहिल्या वेळी कॉलर केजच्या, म्हणजे ड्रायव्हरभोवतीच्या पाइपांच्या पिंजऱ्याच्या, वरच्या पाइपला अडकली. मान पुढे घेऊन, आधी एक खांदा काढायचा, हे तिला दोन-तीनदा केल्यावर जमलं. नंतर मी सही केली.

केजच्या पॅडिंगबद्दलही तिच्याशी बोललो. २००७ मध्ये अमेरिकेत गेन्सव्हिलला ड्रॅग ड्रायव्हर एरिक मेडलेन चाचणीची धाव घेत असताना टायरच्या भयंकर थरथराटाने त्याचं डोकं बाजूबाजूला हिसडलं गेलं, आणि चार दिवसांनी तो गेला. टेदर डोक्याला पुढे जाण्यापासून धरतात. डावी-उजवीकडचा मार घ्यायला डोक्याजवळ, योग्य घनतेचं पॅडिंगच लागतं. त्यानंतर त्याच्या संघाने केजची आणि पॅडिंगची रचना बदलली. हिच्या गाडीत दोन्ही बाजूंना पॅडिंग होतं, पण डाव्या बाजूचं पाइपवरून फिरलं होतं. भावाने ते तिथेच नीट बांधलं.

पहिली धाव तिने ६६० फुटांपर्यंतच, म्हणजे निम्मीच घेतली आणि पॅराशूट ओढलं. परत आल्यावर मी पट्टे सोडायच्या आधीच गेलो. दोन्ही पट्टे उपकरणाच्या बरोबर मध्यावर होते.

"कसं वाटलं?"

"पॅराशूट उघडलं तेव्हा कळलं, सर. जुन्या गाडीला ते नव्हतंच. डोकं पुढे गेलं आणि थांबलं."

वडील तोपर्यंत वहीत लिहून घेत होते: ३० अंश, मिडियम, टेदरची जागा, पाइपवर पट्ट्यांमधलं अंतर. नवीन उपकरण मागवायचं होतं, आणि ते आल्यावर तिच्या अंगाच्या आकाराप्रमाणे घट्ट होणारं सीटचं फोम पुन्हा ओतायचं होतं. त्यांनी विचारलं, "फोम ओतताना तिने नुसतं बसलं तर चालेल ना?" मी म्हटलं, नाही. सूट, उपकरण, हेल्मेट, सगळं घालून बसवा, पट्टे आवळा, आणि मग ओता.