एम्डेनचा कप्तान

माटुंग्याला आमच्या मजल्यावर एक तमिळ कुटुंब राहत असे. त्यांच्या घरातील आजी आपल्या सर्वांत खोडकर नातवाला रागावल्या की ‘एम्डन’ म्हणत. त्यात राग असे, पण त्याहून अधिक कौतुक असे, कारण तो मुलगा कोणाच्याही हाती न लागता डबा रिकामा करून पसार होत असे. हा शब्द पहिल्या महायुद्धात मद्रासवर तोफा डागणाऱ्या एका जर्मन युद्धनौकेच्या नावावरून आला आहे, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. चेन्नईला कामानिमित्त गेलो असताना उच्च न्यायालयाच्या आवाराच्या भिंतीवर बसवलेला लहानसा दगडी फलक पाहिला आणि त्या नौकेच्या कप्तानाविषयी मिळेल ते वाचत गेलो. नौकेची कथा बऱ्याच जणांना ठाऊक असते. कार्ल फॉन म्युलर या अधिकाऱ्याच्या कारकिर्दीबद्दल मात्र मराठीत फारसे वाचायला मिळत नाही.

म्युलर 16 जून 1873 रोजी हॅनोव्हर येथे जन्मला. वडील प्रशियाच्या सैन्यात कर्नल होते, त्यामुळे मुलाने प्ल्योन येथील सैनिकी शाळेत जावे हे ओघानेच आले; परंतु 1891 मध्ये त्याने पायदळाचा मार्ग सोडून नौदल स्वीकारले. जर्मन नौदल त्या काळी दुय्यम दर्जाचेच मानले जाई. सम्राट दुसरा विल्हेल्म याची आरमाराची हौस आणि पुढे नौदल कार्यालयाचा प्रमुख झालेल्या तिर्पिट्झची जहाजबांधणीची मोठी योजना या दोन्ही गोष्टी आकाराला यायच्या होत्या. प्रशिक्षण जहाजांवरील उमेदवारी, मग ‘बाडेन’ या चिलखती जहाजावर संदेशवहन अधिकाऱ्याचे काम, मग ‘झाक्सेन’, असा त्याचा सुरुवातीचा प्रवास कोणत्याही शिस्तप्रिय अधिकाऱ्याचा असावा तसा आहे. पुढे ‘श्वाल्बे’ या क्रूझर जातीच्या लहान युद्धनौकेवर तो जर्मन पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गेला आणि तेथे त्याला मलेरिया झाला. हा ताप त्याच्या अंगात कायमचा मुरला. पुढच्या आयुष्यातील बऱ्याच गोष्टी या तापाने ठरवल्या, म्हणून त्याची नोंद येथेच करून ठेवतो.

परतल्यावर काही काळ किनाऱ्यावरची कामे, ‘कायझर विल्हेल्म दुसरा’ या युद्धनौकेवर दुय्यम तोफखाना अधिकारी, सम्राटाचे भाऊ प्रिन्स हाइनरिश यांच्या कार्यालयात नेमणूक, आणि 1908 च्या अखेरीस आपल्याकडच्या लेफ्टनंट कमांडरच्या तोलाच्या हुद्द्यावर बढती व बर्लिनच्या नौदल कार्यालयात टेबल. म्हणजे वयाच्या पस्तिशीपर्यंत या माणसाच्या नावावर एकही लढाई नव्हती. तो अबोल होता, काहीसा लाजराही, आणि वरिष्ठांवर छाप पडावी म्हणून धडपडणाऱ्यांपैकी नव्हता. तरीही तिर्पिट्झच्या नजरेत त्याचे काम भरले आणि 1913 च्या वसंतात त्याच्या हाती ‘एम्डेन’ आली. फाइलींवर झिजलेला अधिकारी समुद्रावर कच्चा निघतो, असा आपला सर्वसाधारण समज असतो. म्युलरच्या बाबतीत मला उलटे वाटते. कोळशाचा हिशेब, जहाजांच्या नोंदी आणि आंतरराष्ट्रीय कायद्यातील बारकावे यांची सवय त्याला याच वर्षांत लागली असावी, आणि नंतरचे दोन महिने त्याने जी लढाई केली ती तोफांच्या आधी हिशेबाची लढाई होती.

‘एम्डेन’ ही डान्झिगच्या सरकारी गोदीत बांधलेली, 1909 मध्ये सेवेत दाखल झालेली हलकी क्रूझर. तीन धुराडी, 10.5 सेंटीमीटरच्या दहा तोफा, आणि टर्बाइनऐवजी जुन्या पद्धतीचे दट्ट्याचे वाफेचे इंजिन. चीनमधील त्सिंगताओ हे जर्मनांच्या ताब्यातील बंदर तिचे ठाणे होते. 1913 मध्ये यांगत्से नदीवरील बंडखोरांच्या किल्ल्यांवर तिने तोफा डागल्या आणि म्युलरला त्याबद्दल एक पदक मिळाले. पाश्चात्त्य सत्तांच्या युद्धनौका चीनच्या नदीत शिरून चीनच्याच किल्ल्यांवर गोळे टाकत, हे तेव्हा इतके नित्याचे होते की त्याच्या चरित्रकारांनाही या प्रसंगाचे काही वाटत नाही. मला वाटते.

31 जुलै 1914 रोजी, युद्ध जाहीर होण्याच्या बेतात असताना, म्युलर नौका घेऊन त्सिंगताओबाहेर पडला. बंदरात अडकून पडण्यापेक्षा मोकळ्या पाण्यात असलेले बरे, एवढा साधा विचार त्यामागे होता. 4 ऑगस्टला त्याने ‘रियाझान’ हे रशियन जहाज पकडले आणि मग मारियाना बेटांपैकी पागान येथे व्हाइस ॲडमिरल फॉन श्पे याच्या ताफ्याला जाऊन मिळाला. तेथे 13 ऑगस्टला कप्तानांची बैठक झाली. संपूर्ण ताफा पॅसिफिक ओलांडून दक्षिण अमेरिकेकडे न्यावा, असा श्पेचा कल होता, कारण हिंदी महासागरात इतक्या जहाजांना कोळसा मिळणे शक्य नव्हते. म्युलरचे म्हणणे असे की ताफ्याला नाही मिळाला तरी एकट्या हलक्या क्रूझरला तो लुटून मिळवता येईल, आणि ब्रिटिशांचा व्यापार जेथे सर्वांत दाट आहे तेथे ती एकटी पुष्कळ काही करू शकेल. श्पेने ते मानले. दुसऱ्या दिवशी ‘मार्कोमानिया’ हे कोळशाचे जहाज सोबत घेऊन ‘एम्डेन’ ताफ्यातून वेगळी झाली. श्पे आणि त्याचे दोन मुलगे त्याच डिसेंबरात फॉकलंड बेटांजवळच्या लढाईत बुडाले.

कोळशाची ही गोष्ट थोडी सविस्तर सांगावीशी वाटते. मित्रराष्ट्राचे एकही बंदर नसलेल्या समुद्रात कोळसा भरायचा म्हणजे एखाद्या निर्जन बेटाच्या आडोशाला दोन जहाजे शेजारी शेजारी बांधायची, लाटांनी ती एकमेकांवर आदळत असताना पोती उचलून आणायची, आणि विषुववृत्ताच्या उन्हात अधिकाऱ्यापासून बँडवाल्यापर्यंत सर्वांनी काळ्या धुळीत राबायचे. कोठारे भरली की उरलेला कोळसा डेकवरच रचला जाई. कोळशाची जातही महत्त्वाची होती. या फेरीतले पहिले सावज ‘पोंटोपोरोस’ हे ग्रीक जहाज बंगालचा कोळसा घेऊन चालले होते. तो जळताना दाट धूर होई आणि धुरामुळे नौका लांबूनच दिसे. म्हणून 27 सप्टेंबरला ‘बुरेस्क’ हे जहाज उत्तम वेल्श कोळशासह, तेही ब्रिटिश नौदलासाठीच निघालेल्या कोळशासह, हाती लागले तेव्हा म्युलरला झालेला आनंद कोणत्याही खजिन्याच्या आनंदाहून कमी नसावा.

डच बेटांमधून (आजच्या इंडोनेशियातून) जाताना नौकेवर कापड आणि लाकडाचे चौथे खोटे धुराडे उभारण्यात आले, कारण त्या भागातील ब्रिटिश क्रूझरना चार धुराडी असत. 10 सप्टेंबरपासून बंगालच्या उपसागरात तिचे काम सुरू झाले. त्याच दिवशी सापडलेले ‘इंडस’ हे जहाज सैन्याची ने-आण करण्यासाठी कलकत्त्याहून मुंबईकडे निघाले होते. मग ‘लोव्हॅट’, ‘किलिन’, चहाने भरलेले ‘डिप्लोमॅट’, आणि रेल्वे इंजिने व शर्यतीचे घोडे घेऊन निघालेले ‘क्लॅन मॅथेसन’. पद्धत ठरलेली होती: जहाज थांबवायचे, कागदपत्रे तपासायची, सर्व माणसे उतरवून घ्यायची आणि मगच तळाच्या झडपा उघडून किंवा सुरुंगाने जहाज बुडवायचे. ‘काबिंगा’वरील माल तटस्थ अमेरिकेचा होता आणि कप्तानाची पत्नी व मूलही जहाजावर होते, म्हणून ते बुडवले नाही, पकडलेल्या माणसांना त्याच जहाजावर चढवून सोडून दिले, आणि निरोप घेताना त्या कैद्यांनी ‘एम्डेन’चा जयजयकार केला. या साऱ्या मोहिमेत म्युलरने 16 ब्रिटिश व्यापारी जहाजे, एकूण सुमारे 70,000 टनांची, बुडवली आणि त्या जहाजांवरील एकही माणूस मारला नाही.

येथवर वाचून ‘सज्जन समुद्री चाचा’ ही म्युलरची प्रतिमा तयार होते. लंडनच्या वर्तमानपत्रांनीही तेव्हा ती उचलून धरली. ती खोटी नाही. पण 22 सप्टेंबरची रात्र त्याच माणसाची आहे. मद्रासचे दीपगृह त्या काळी उच्च न्यायालयाच्या इमारतीच्या मनोऱ्यावरच होते आणि युद्ध सुरू असूनही ते नेहमीप्रमाणे पेटलेले होते. शहराचे दिवेही तसेच. रात्री साडेनऊच्या सुमारास ‘एम्डेन’ किनाऱ्यापासून सुमारे 3,000 यार्डांवर आली, शोधदिव्यांचे झोत टाकून बर्मा ऑइल कंपनीच्या तेलाच्या टाक्या हेरल्या आणि अर्ध्या तासात सुमारे 125 गोळे सोडले. टाक्या पेटल्या. काही गोळे शहरात पडले, बंदरातील एका जहाजाला लागले, आणि किमान पाच माणसे मेली. किनाऱ्यावरच्या तोफांचे उत्तर आले तेही निरुपयोगी ठरले. आपण उत्तरेला चाललो आहोत असे भासवून म्युलर दक्षिणेकडे निघून गेला, आणि पुढचे काही दिवस हजारो लोक मद्रास सोडून गावाकडे धावले.

या हल्ल्यामागचा हेतू म्युलरने नंतर स्वतःच स्पष्ट केला: हिंदुस्थानच्या लोकांचे लक्ष वेधणे, इंग्रजांच्या व्यापारात गोंधळ माजवणे आणि त्यांची पत खाली आणणे. तो साधला. परंतु साम्राज्याची पत उतरवण्यासाठी मेलेले लोक साम्राज्याचे मालक नव्हते, हेही विसरता येत नाही. (क्रांतिकारक चंपकरमण पिल्ले त्या रात्री नौकेवर होते, ही कथा अधूनमधून आपल्याकडेही फिरते. तिला विश्वासार्ह आधार नाही. ते तेव्हा युरोपात होते.)

ऑक्टोबरच्या सुरुवातीला नौका हिंदी महासागरातील दिएगो गार्सिया बेटाला थांबली. युद्ध सुरू झाल्याची बातमीच तेथे पोचलेली नव्हती! जर्मनांनी त्या लोकांना अंधारातच ठेवले, नौकेचे तळ खरवडून साफ केले आणि जाण्यापूर्वी तेथील व्यवस्थापकाची बिघडलेली मोटारबोटही दुरुस्त करून दिली. मग 28 ऑक्टोबरच्या पहाटे खोटे धुराडे लावून ती मलायातील पेनांग बंदरात शिरली, जर्मन निशाण चढवले आणि नांगरून पडलेल्या ‘झेम्चुग’ या रशियन क्रूझरवर टॉर्पेडो सोडला. रशियन कप्तान त्या रात्री किनाऱ्यावर होता. त्याचे ऐंशीहून अधिक खलाशी मेले. बाहेर पडताना ‘मुस्के’ ही फ्रेंच विनाशिका आडवी आली, तीही बुडाली; पाण्यातील 36 फ्रेंच खलाशांना मात्र थांबून वर काढण्यात आले आणि दोन दिवसांनी एका ब्रिटिश जहाजावर सोपवण्यात आले.

शेवट 9 नोव्हेंबरला कोकोस बेटांवर झाला. तेथील तारकेंद्र नष्ट करण्यासाठी म्युलरने आपला प्रथम अधिकारी हेल्मुथ फॉन म्युके याच्यासह सुमारे पन्नास जण किनाऱ्यावर पाठवले. बिनतारी संदेशाचा खांब पाडताना तो टेनिसच्या मैदानावर पडू नये, अशी विनंती केंद्रातील कर्मचाऱ्यांनी केली आणि जर्मनांनी ती मानली. पण त्याआधीच, अनोळखी जहाज आल्याचा संदेश केंद्रातून निघून गेलेला होता. ऑस्ट्रेलियन सैनिकांचा मोठा काफिला अवघ्या पन्नासेक मैलांवरून जात होता, आणि त्यातून ‘सिडनी’ ही क्रूझर धावून आली. ती अधिक वेगवान होती, तिच्या तोफा सहा इंची होत्या. तिने अंतर राखून ‘एम्डेन’ला छिन्नविच्छिन्न केले. धुराडी कोसळली, सुकाणू निकामी झाले, तेव्हा म्युलरने नौका बुडू न देता नॉर्थ केलिंग बेटाच्या प्रवाळावर चढवली, म्हणजे उरलेली माणसे वाचतील. ‘सिडनी’ दुसऱ्या जहाजाचा पाठलाग करून दुपारी परतली तेव्हा डोलकाठीवर जर्मन निशाण अजून होते. तिने पुन्हा गोळे टाकले, आणि तेव्हा पांढरे निशाण वर गेले. सुमारे 130 माणसे मेली. निशाण वेळेवर उतरवले असते तर त्यातील शेवटचे काही वाचले असते. हिशेबात इतका काटेकोर असलेल्या या माणसाच्या खात्यात तेवढी एक चूक मी लिहीन.

पुढची वर्षे कैदेची. ब्रिटिश नौदलाने त्याला आणि त्याच्या अधिकाऱ्यांना तलवारी जवळ ठेवण्याची मुभा दिली, हा त्या काळचा शिष्टाचार. आधी माल्टा, मग 1916 पासून इंग्लंडमधील सटन बॉनिंग्टन. सप्टेंबर 1917 मध्ये तेथील कैद्यांनी खणलेल्या भुयारातून वीसेक जण पळाले, त्यांत चव्वेचाळीस वर्षांचा म्युलरही होता. तो लवकरच पकडला गेला. इंग्लंडच्या दमट थंडीत जुन्या मलेरियाने उचल खाल्ली, आणि 1918 च्या आरंभी त्याला उपचारासाठी तटस्थ हॉलंडमध्ये पाठवण्यात आले. त्याच मार्चमध्ये ‘पूर ल मेरीत’ हे जर्मनीतील सर्वोच्च पदक आणि नौदलातील ‘कॅप्टन’ या हुद्द्यावर बढती मिळाली. नौका गमावलेल्या कप्तानाला एवढा मान द्यावा का, याविषयी बर्लिनमध्ये खळखळ होतीच. तो मायदेशी परतला तो ऑक्टोबर 1918 मध्ये, म्हणजे ज्या सम्राटाची त्याने 27 वर्षे चाकरी केली त्याचे राज्य बुडायला महिनाच राहिलेला असताना.

1919 मध्ये प्रकृतीच्या कारणाने निवृत्त होऊन तो हार्ट्झ पर्वताच्या पायथ्याशी ब्लांकेनबुर्गला राहू लागला. लग्न केले, दोन मुली झाल्या, ब्राउनश्वाइगच्या प्रांतिक विधिमंडळावर निवडूनही गेला. ‘एम्डेन’वर पुस्तक लिहिण्यासाठी त्याच्यामागे लकडा होता, पण सोबत्यांच्या रक्तावर पैसे कमावल्यासारखे वाटेल, असे सांगून त्याने नकार दिला. पुस्तके लिहिली ती म्युकेने, 1915 सालीच, आणि ती खूप खपली. किनाऱ्यावर अडकल्यामुळे तो एक जुने शिडाचे जहाज ताब्यात घेऊन निसटला होता आणि अरबस्तानमार्गे कॉन्स्टँटिनोपलला पोचला होता. ‘एम्डेन’ची कहाणी जगाला प्रथम विस्ताराने सांगणारा अधिकारी अशा रीतीने तिच्या शेवटच्या लढाईत तिच्यावर नव्हताच. जो होता, त्याचा सरकारी अहवाल मागे राहिला. म्युलर 11 मार्च 1923 रोजी ब्राउनश्वाइग येथे, पन्नाशीला तीन महिने कमी असताना वारला.