बघायचं कुठे?

चिलखतावर मी दोन दिवस घालवले होते. खवल्याखवल्याला वेगळी चमक, कडेने निळा रिम लाइट (मागून येणारी उजेडाची किनार), मागे लाव्हाची नदी. कादंबरीचं कव्हर होतं: दिवा घेऊन गुहेत उतरणारी चेटकीण. आर्ट डायरेक्टरचं उत्तर आलं, "सुंदर आहे. पण बघायचं कुठे?"

आधी चिडले. मग चित्रातला रंग काढून टाकला आणि डोळे किलकिले करून पाहिलं. चेहरा, गुडघा, लाव्हा, सगळं एकाच करड्या लगद्यात! रंगांच्या जोरावर मी स्वतःलाच फसवलं होतं. हे थंबनेललाच, म्हणजे सुरुवातीच्या छोट्या कच्च्या चित्रातच, दिसायला हवं होतं, पण चिलखत रंगवायची घाई.

लाव्हा उडवला. उजेड फक्त दिव्याचा. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो, आणि माझ्या चित्रात गुडघा हनुवटीइतकाच उजळ! दिवा खाली धरला तर चेहरा भुतासारखा दिसला असता. ही बाई खलनायिका नव्हती. म्हणून दिवा गालाच्या उंचीवर नेला आणि ज्योतीपुढे तिचाच हात आडवा धरला. ही युक्ती फ्रेंच चित्रकार जॉर्ज द ला तूरची. सतराव्या शतकातल्या त्याच्या 'सुतार जोसेफ'मध्ये मुलाचा हात मेणबत्तीआड येतो आणि बोटांमधून उजेड झिरपतो. कातडी पूर्ण अपारदर्शक नसतेच. बोटांच्या कडांचा तो तांबूस लाल साधायला तीन तास गेले, आणि त्या तीन तासांबद्दल मी कुणाचंही ऐकून घेणार नाही. सगळ्यात गडद काळा उजळ गालाला खेटून ठेवला, खडकांच्या कडा आणि काठी तिकडेच वळवल्या. वरचा तिसरा हिस्सा शीर्षकासाठी रिकामा अंधार. चिलखताचे उरले चार ठिपके.

आर्ट डायरेक्टर खूश. पण मार्केटिंगवाल्यांना चिलखत हवं होतं (त्यांना नेहमी चिलखतच हवं असतं). तडजोड म्हणून डोळ्यांना जादूची हिरवी चमक दिली. उजेड तर फक्त दिव्याचा, मग डोळ्यांत हिरवा उजेड आला कुठून? कुणी विचारलं नाही. कदाचित दुकानातल्या फळीवर लांबून तेच डोळे पुस्तक उचलायला लावत असतील. मला नक्की सांगता येत नाही.

छापील प्रतीत अंधार आणखी दाटला, चिलखताचे चार ठिपकेही बुडाले. ती प्रत टेबलावरच आहे. येता-जाता अंगठ्याने तिचे डोळे झाकून बघते.