भाच्याचा प्रांत आणि माझी बिल्टी

डिसेंबरच्या सुट्टीत बहिणीचा पोरगा पुण्याहून आमच्याकडे नागपूरला आला. वय सोळा, बॅगेत दोन टीशर्ट, स्वेटर एकही नाही (नागपूर म्हणजे गरमच असतं ना मावशी, म्हणे!) आणि एक भला मोठा गुंडाळलेला कागद. तो कागद ट्रेनमध्ये म्हणे रात्रभर पोटाशी धरून बसला होता. मला वाटलं प्रोजेक्ट असेल शाळेचा. चहा झाल्यावर त्याने तो कागद डायनिंग टेबलवर पसरला, चार कोपऱ्यांवर चार संत्री ठेवली आणि म्हणाला, हा माझा प्रांत.

तर हे पोरगं मित्रांसोबत एक गेम खेळते, फासे टाकायचे आणि एकाने गोष्ट सांगायची तसला, आणि गोष्ट सांगणारा हा. त्याचं एक साम्राज्य आहे, त्यात अकरा प्रांत, आणि हा अकरावा, नाव ताम्रकोट. चित्र सुंदर काढलं होतं हां, खोटं कशाला बोलू, डोंगरांना सावल्या वगैरे. राजधानी सूर्यनगर, ती बरोब्बर सगळ्यात उंच बर्फाच्या शिखरावर, लोकसंख्या दहा लाख. एक नदी डोंगरातून निघून मधेच फुटून दोन झालेली आणि एक या समुद्राला तर दुसरी त्या समुद्राला. शहरं एकूण नऊ, प्रत्येकाला मनोरा. बाजूला एक चौकट, त्यात लिहिलं होतं अर्थव्यवस्था: सोनं, हिरे, जादूचे दगड.

आता मी नागपूरजवळच्या वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात एकोणीस वर्षं बिल्ट्या, म्हणजे मालासोबत जाणाऱ्या पावत्या, बनवून राहिली. कोणता माल, किती नग, किती वजन, कुठून कुठे, भाडं टू-पे (माल घेणाऱ्याने द्यायचं) का पेड, दिवसभर हेच. त्यामुळे माझ्या तोंडून पहिला प्रश्न तोच निघाला, की बाप्पा, तुझ्या सूर्यनगरातून बिल्टी कशाची फाटते? आणि ते दहा लाख लोक बर्फावर बसून खातात काय? पोरगं हिरमुसलं. मग मलाच वाईट वाटलं. म्हटलं चल, दोन दिवस माझी सुट्टी आहे, तुला एक खराखुरा साम्राज्याचा प्रांत दाखवते, अॅक्टिवावर.

पहिल्या दिवशी सकाळी तर्री पोहे हाणले (तर्रीने त्याच्या नाकातून पाणी, पण पुन्हा मागितली) आणि झिरो माईलला गेलो. दगडी खांब, बाजूला उधळलेले चार घोडे, १९०७ सालचं मोजणीचं ठिकाण. सगळ्यांना तिथे देशाचा मध्य बघायचा असतो, मला मात्र खांबाशेजारच्या दगडावर कोरलेली अंतरं जास्त आवडतात, कारण ती वाचताना आपलं रेटकार्ड वाचल्यासारखं वाटतं. जबलपूर १७० मैल, सिवनी ७९, छिंदवाडा ८३, हैद्राबाद ३१८, शिवाय चांदा, बैतूल. पुणं-मुंबईचं नाव नाही. भाचा लगेच, का नाही? कारण तेव्हा नागपूर मुंबईचं नव्हतंच ना रे, १८६१ साली इंग्रजांनी मध्य प्रांत बनवला त्याची ही राजधानी, इकडचं भोसल्यांचं राज्य आणि वरचा सागर-नर्मदेचा मुलुख एकत्र शिवून. वऱ्हाड १८५३ पासून निजामाकडून लावून घेतलेलं होतं, ते १९०३ मध्ये याला जोडलं. म्हणजे जबलपूरचा हिंदीवाला, छत्तीसगडचा धानवाला, गोंड, आणि अमरावतीचा कापूसवाला, सगळे एकाच कचेरीत अर्ज घेऊन. १९५६ पर्यंत राजधानी, मग गेली. आता हिवाळ्यात अधिवेशन भरतं, तेव्हा रस्ते बंद, आणि आम्हा टू-व्हीलरवाल्यांना गल्लीबोळातून फिरवतात ते वेगळं.

सीताबर्डीचा किल्ला खालूनच बघितला, वर्षातून तीनच दिवस उघडतो, २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट. खाली मेन रोडच्या गर्दीत उभं राहून त्याला सांगितलं, १८५३ मध्ये तिसरे रघुजी भोसले वारले, मूलबाळ नव्हतं, इंग्रजांच्या गव्हर्नर जनरलने, डलहौसीने, राज्य खालसा केलं आणि राजवाड्यातले हत्ती, घोडे, बैल इथे सीताबर्डीच्या बाजारात विकायला काढले. प्रांत ताब्यात घेणं म्हणजे झेंडा वगैरे नंतर, आधी हिशेबाची वही उघडतात. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला हत्ती कितीला गेले असतील. हे पोरगं सुधारेल असं मला तेव्हाच वाटलं.

तिथून महालात, म्हणजे जुन्या नागपुरात. राजधानी डोंगरावर का नको, हा वाद मला तिथेच मिटवायचा होता. कारण नागपूरच्या आधी गोंड राजांची गादी देवगडला होती, छिंदवाड्याकडे, सातपुड्यात. डोंगर, जंगल, किल्ला, सगळं याच्या नकाशासारखं. मग बख्त बुलंद शाह, तो देवगडचाच राजा, त्याने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला खाली सपाटीवर नाग नदीच्या काठी बारा वाड्या जोडून हे शहर वसवलं आणि त्याच्या पोराने, चांद सुलतानाने, गादीच खाली आणली. काहून? डोंगरावर शत्रू येत नाही हे खरं, पण धान्याची गाडीही येत नाही. सपाटीवर शेती, शेतीवर सारा, साऱ्यावर फौज. भाच्याने मोबाईलमध्ये टिपून घेतलं. सूर्यनगर खाली आणायचं का? म्हटलं लगेच नको आणू, आधी वरच असू दे, मग एखाद्या राजाला उतरव, म्हणजे वर पडका किल्लाही मिळेल तुला फुकटात.

संध्याकाळी एम्प्रेस मॉल. त्याला वाटलं शॉपिंग. मी म्हटलं इथे मिल होती. १ जानेवारी १८७७, तिकडे दिल्लीत व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर होऊन राहिली आणि त्याच दिवशी इकडे जमशेटजी टाटांनी मिल सुरू केली, म्हणून नाव एम्प्रेस. मुंबई सोडून इथे का, तर कापूस इथे पिकतो, रेल्वे १८६७ मध्ये येऊन पोचली होती, कोळसा वरोऱ्याकडे. जागा घेतली ती जुम्मा तलावाजवळची दलदल, भराव घालायला लागला, तर एक सावकार म्हणे हा माणूस सोनं मातीत घालतो, आणि पुढे मिल चालली तेव्हा तोच म्हणाला की नाही, याने माती घातली आणि सोनं काढलं. असं सांगतात. २००२ मध्ये मिल बंद पडली. माझ्या मैत्रिणीचे बाबा तिथे जॉबर (कामगारांवरचे मुकादम) होते, भोंगा वाजला की त्यांच्या घरी कुकर लावायचे. आता तिथे फूड कोर्ट. आम्हीही तिथेच पिझ्झा खाल्ला, काय करणार.

पण कापसाचं खरं मला आवडतं ते याच्याही आधीचं. रेल्वे यायच्या आधी नागपूर-वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून थेट मिर्झापूरला जायचा, गंगेवर, पाचेकशे मैल, पुढे नावेने कलकत्ता. म्हणजे प्रांताचं तोंड उत्तरेला होतं. रेल्वे आली आणि तेच तोंड फिरून मुंबईकडे झालं. जमीन तीच, पीक तेच, माणसं तीच, फक्त माल कोणत्या बाजूने बाहेर पडतो ते बदललं आणि कितीतरी मुक्कामाची गावं ओस पडली असतील. भाच्याला सांगितलं, तुझ्या नऊ शहरांतली दोन तरी अशी कर, की मनोरा आहे पण रस्ता आता तिकडून जात नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो, जबलपूर रोडने. थंडी अशी की ह्याने माझ्या नवऱ्याचं जाकीट आणि वरून माझी शाल. गाडी मी चालवीन, गाडी मी चालवीन, हे कामठीपर्यंत ऐकलं, लायसन्स दाखव म्हटल्यावर बंद झालं. कामठी म्हणजे इंग्रजांची छावणी, १८२१ ची, कन्हानच्या काठी. फौज बसली की मागून धोबी, खाटीक, शिंपी, सावकार येतात आणि गाव होतं, हा साम्राज्याच्या शहराचा सगळ्यात सोपा प्रकार. मनोरा लागत नाही.

कन्हानच्या पुलापुढे मागचं चाक बसलं. एक किलोमीटर ढकलत नेली. पंक्चरवाला म्हणाला ताई टायरच गेलं आहे तुमचं, दोन महिन्यांपूर्वी एका दुकानातून नवीन म्हणून घेतलेलं टायर, आतून जुनंच पॉलिश केलेलं निघालं, त्या दुकानदाराचं भलं होवो. तास गेला. पण त्या तासात नदीचा धडा झाला. कामठीजवळ पेंच आणि कोलार येऊन कन्हानला मिळतात, आपली नाग नदी, जिला आता नाला म्हणायचीही लाज वाटते, ती पण फिरत फिरत कन्हानलाच. कन्हान वैनगंगेला, वैनगंगा आणि वर्धा मिळून प्राणहिता, ती गोदावरीला, मग आंध्रातून समुद्र. बघ, म्हटलं, नद्या मिळत मिळत जातात, तुझ्यासारखी वाटेत फुटत नाही कोणी, फुटली तर अगदी समुद्रापाशी. तो म्हणाला, पण मावशी, जादूची नदी असेल तर? म्हटलं मग खाली लिही जादूची आहे म्हणून, आमची काही हरकत नाही.

मनसर आलं तसं रस्त्याच्या कडेची माती काळसर व्हायला लागली. इथे मँगनीज. ट्रकमधून सांडलेला मुठीएवढा एक दगड त्याने उचलला आणि हात एकदम खाली गेला त्याचा, इतकं वजन असेल वाटलंच नाही त्याला. हाताला काळं लागलं ते जाकिटाला पुसलं (नवऱ्याच्या). स्टीलसाठी लागतं हे. १८९६ मध्ये इंग्रजांची कंपनी ह्यासाठी उभी राहिली, आता सरकारी मॉईल आहे. दगड इथला, भट्टी दुसरीकडे, आणि नफा लंडनला, ही झाली तुझी अर्थव्यवस्थेची चौकट. त्याने दगड खिशात टाकला, खिसा लोंबला. आणि गंमत बघा, त्याच मनसरला दुसऱ्या टेकडीवर उत्खननात वाकाटक राजांच्या काळचं बांधकाम निघालं, विटांचं, दीड हजार वर्षांपूर्वीचं. जवळच नगरधन, म्हणजे वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन. म्हणजे गादी इथे खाली होती, मग देवगडला डोंगरात गेली, मग पुन्हा खाली नागपूरला. राजधानी पण आमच्या ट्रकसारखी, जिथे लोड तिथे.

रामटेकला गडावर माकडांनी फुटाणे पळवले. गडावरून पूर्वेकडे बघितलं की धानाच्या बांध्या आणि मधेमधे तलाव, आणि आपण आलो ती नागपूरकडची, त्याच्याही पलीकडे वर्ध्याकडची बाजू म्हणजे काळी माती, कापूस, संत्रा. हे मी त्याला नुसतं दाखवलं, बोलले नाही जास्त. भंडाऱ्याकडे माणूस भात जेवतो आणि वर्ध्याकडे भाकरी, लग्नं जमवताना आयाबाया हेही बघायच्या. सारा गोळा करायला इंग्रजांनी गावोगावच्या मालगुजारांना मालकी देऊन टाकली, म्हणून ते तलाव अजून मालगुजारी तलाव. प्रांताला मधोमध अशी एक न दिसणारी रेघ असते, इकडे एक पीक, तिकडे दुसरं, आणि कलेक्टर दोन्हीकडून सारखाच वसूल करतो. माझ्या मते नकाशात पहिली रेघ तीच काढायला पाहिजे, डोंगरांच्या सावल्या मागून.

परतताना आंबिया बहाराची संत्री घेतली, ह्याने गाडीवर मागे बसून सोलली, सालं माझ्या हेल्मेटवर.

रात्री जेवल्यावर बघितलं तर टेबलवर कागद, आणि सूर्यनगर खोडरबराने पुसून पुसून कागद तिथे पातळ झालेला. नदी एकच केली होती. शिखरावर लिहिलं होतं जुनी गादी, पडकी. अर्थव्यवस्थेच्या चौकटीत जादूचे दगड अजून होतेच, पण पुढे बारीक अक्षरात, जड, गाडीला सहा बैल.

सोमवारी मी ऑफिसातून त्याच्यासाठी एक कोरी बिल्टी आणली. त्याने सगळी भरली, पाठवणारा, घेणारा, नग, वजन, भाडं टू-पे. मी चष्मा लावून तपासली आणि विचारलं, दगड पोचवून येताना हे सहा बैल काय घेऊन येतात? रिटर्न लोड काय?

तो म्हणाला, रिकामे येतात.

म्हटलं, मग पुढच्या खेपेला गाडीवान येणार नाही. तो पेन घेऊन पुन्हा बसला आणि थोड्या वेळाने आतून ओरडला, मावशी, मीठ चालेल?