पांढरा वाघ आणि आमचं गॅदरिंग

गोव्यातल्या वास्कोत वाढलेल्या माणसाला एक खोड असते. बोलता बोलता तो मध्येच गप्प होतो, दोन-चार क्षण तसाच राहतो आणि मग सोडलेलं वाक्य बरोबर तिथूनच उचलतो. पुण्यात नोकरीला होतो तेव्हा माझं हे असं व्हायचं आणि समोरच्याला वाटायचं, गडी काहीतरी विसरला. डोक्यावर विमान नसतानाही मी थांबायचो, त्याला काय करणार!

ही सवय शाळेतल्या गॅदरिंगनं लावली. आमची शाळा टेकडीच्या उतारावर होती आणि दाबोळी विमानतळाची धावपट्टी जवळच. गॅदरिंग डिसेंबरात, 19 तारखेच्या गोवा मुक्तिदिनाच्या अलीकडे-पलीकडे. नाटक बसवणाऱ्या बाईंचा पहिला नियम पाठांतराचा नव्हता, पुतळ्याचा होता. "विमान आलं की जिथं असाल तिथं पुतळा. आवाज गेला की पुन्हा माणूस." त्यामुळे आमच्या रंगमंचावर राजे पेला ओठाशी धरून थांबत, राणी पदर डोळ्याला लावून थांबे, आणि एकदा तर मेलेला सैनिक खाली पडता पडता अर्ध्यातच अडकला. प्रेक्षकांना त्याचं काहीच वाटत नसे. तेही भजी हातात धरून थांबलेले असत.

शाळेत चार गट होते: वाघ, हत्ती, मोर आणि नाग. मी वाघ. गॅदरिंगच्या दिवशी सकाळी दोरीखेच, दुपारी समूहगीत आणि चार वाजता प्रत्येक गटाचा एकेक छोटा नाट्यप्रवेश. प्रवेशात आपला प्राणी यायलाच हवा, ही अट. वाघाचं डोकं आम्ही चवथीच्या मखरातल्या उरलेल्या कामट्यांचं बांधायचो, वरून मैद्याच्या खळीत बुडवलेले 'गोमन्तक'चे जुने अंक. मिशा माडाच्या हिरांच्या, डोळे सोडावॉटरच्या बाटलीतल्या गोट्यांचे. आतून त्याला खळीचा आंबट वास यायचा. ज्याला ते डोकं घालावं लागे तो बाहेर आल्यावर पाचेक मिनिटं कोणाशी बोलत नसे.

शेजारी एक काका राहायचे. ते नेव्हीत फिटर होते. त्यांच्याकडे पांढऱ्या वाघाचा एक कापडी बिल्ला होता, आणि त्या बिल्ल्यावरून अख्खी गल्ली त्यांना वाघकाका म्हणायची. नौदलाची पहिली लढाऊ तुकडी, 300 क्रमांकाची, हिचं नाव 'व्हाइट टायगर्स'. तिची सी हॉक विमानं 'विक्रांत' या विमानवाहू जहाजावरून उडायची. 4 डिसेंबर 1971 ला कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले केले ते त्यांनीच. काकांकडून हे आम्ही इतक्यांदा ऐकलं होतं की इतिहासाच्या पेपरात 1971 वर प्रश्न आला तर वाघ गटाला अभ्यास लागत नसे. "विक्रांतवर पहिलं जेट उतरवलं ते ताहिलियानीसाहेबांनी, 1961 च्या मे महिन्यात, आणि पुढे ते नौदलप्रमुख झाले," हे वाक्य तर ते पावाला लोणी लावता लावता म्हणायचे.

1983 सालचं गॅदरिंग शनिवारी, 17 डिसेंबरला होतं. आदल्या दिवशी तालीम चालू असतानाच पांढऱ्या वाघांची पहिली तीन सी हॅरियर विमानं दाबोळीला उतरली. आम्ही सगळे पुतळे सोडून मैदानात पळालो. बाई ओरडत बाहेर आल्या आणि मग स्वतःच कपाळावर हात धरून वर बघत राहिल्या.

वाघाला पिवळा रंग आणून देण्याचं काम काकांकडे होतं. त्या दिवशी त्यांना घरी यायला रात्रीचे दहा वाजले. हातात एकच डबा होता, आणि तो पांढरा. पिवळ्याचं ते साफ विसरले होते, पण कबूल कसे करतील? "आमचा वाघ पांढराच असतो," म्हणाले. रंगवला पांढरा. दुसऱ्या दिवशी पडदा वर गेला आणि मागच्या रांगेतून हाक आली, "वाग धवो कित्याक रे?" त्यावर दुसरा म्हणाला, "गिरणीत पडला असणार!" आमचा प्रवेश गंभीर होता. शेवटपर्यंत कोणी गंभीर होऊ दिला नाही, आणि तरीही पहिला नंबर आमचा आला. पुढे दर वर्षी वाघ पांढराच राहिला.

खरी गंमत त्याच्या पुढच्या वर्षी झाली. हॅरियर हे विमान इतरांसारखं नव्हतं. इंजिनाची धार खाली वळवून ते हवेत एका जागी उभं राहू शके आणि सरळ खाली उतरे. प्रवेशात वाघानं एक पंजा उचलून शिकाऱ्यावर धावून जायचं होतं. पंजा उचलला आणि आवाज आला. सगळे पुतळे झाले. आवाज जाईना. आवाज तिथंच उभा! कागदी डोक्यातून घामाचे ओघळ गळ्यावर येताना आम्हाला विंगेतून दिसत होते, उचललेला पंजा थरथरायला लागला होता, शिकाऱ्याची बंदूक हळूहळू खाली झुकत होती. शेवटी बाई विंगेतूनच म्हणाल्या, "अरे, हे जात नाही! खेळा!" तोवर वाघ बसला होता.

काका सुट्टीच्या दिवशी आम्हाला एक इंग्रजी मासिक दाखवायचे, कडा कुरतडलेलं. त्यातली लढाऊ विमानं शेपटीपासून नाकापर्यंत पट्टेदार वाघासारखी रंगवलेली. युरोपात वाघाचं बोधचिन्ह असलेल्या तुकड्या वर्षातून एकदा एकत्र येतात, हे तेव्हा कळलं. सुरुवात 1961 च्या जुलैत, इंग्लंडातल्या वुडब्रिजच्या तळावर. अमेरिकेची 79 वी तुकडी यजमान, पाहुणे म्हणून ब्रिटिशांची 74 वी आणि फ्रेंचांची एक. एकाकडे सुपर सेबर, दुसऱ्याकडे लायटनिंग, तिसऱ्याकडे सुपर मिस्टेअर. विमानं वेगळी, भाषा वेगळ्या, जोडणारा दुवा एवढाच की तिघांच्या बिल्ल्यावर वाघ. पुढे हा मेळावा नाटोचा वार्षिक सराव होऊन बसला. पण मला त्यातलं सगळ्यात आवडलेलं सांगू? तिथं उड्डाणाच्या बक्षिसाबरोबर खेळांचं, सगळ्यात छान रंगवलेल्या विमानाचं आणि चक्क नाट्यप्रवेशाचंही बक्षीस असतं. सगळ्यात सरस तुकडीला चांदीचा वाघ. म्हणजे आवाजाच्या दुप्पट वेगानं उडणारी माणसं संध्याकाळी सोंगं काढून स्टेजवर येतात आणि हसं करून घेतात. आमचे बाई-मास्तर तिथं परीक्षक म्हणून सहज खपले असते.

आणि 1961 हे साल आम्हा वास्कोकरांना कसं सोडेल? जुलैत तिकडे वाघ जमले, डिसेंबरच्या 18 ला इकडे दाबोळीच्या धावपट्टीवर आपल्या वायुदलाच्या कॅनबेरा विमानांनी बाँब टाकले. त्या रात्री उरल्यासुरल्या धावपट्टीवरून पोर्तुगीजांची दोन विमानं निसटून कराचीला गेली. त्याच पोर्तुगालची 301 क्रमांकाची तुकडी, 'जॅग्वार्स', पुढे या वाघांच्या मेळ्यात आली आणि 2021 साली बेझा इथं यजमानही झाली. जॅग्वार हा वाघ नव्हे हे कोणीही सांगेल, पण तिथं चालतं. पट्टे नसले तरी ठिपके चालतात.

आपले वाघ मात्र त्या मेळ्यात नाहीत.  याची मला मजा वाटते. ज्यांच्या रानात वाघाचं नखही नाही ते वाघ म्हणून जमतात, आणि म्हादईच्या रानात ज्याचा माग निघतो तो देश बाहेर. आपल्या वायुदलाची पहिली तुकडी 'टायगर्स', 1933 पासूनची. नौदलाची पहिली लढाऊ तुकडी, तीही वाघच. दोघांनाही पहिला प्राणी आठवला तो हाच.

शाळा सुटली तरी वाघ गट सुटला नाही. डिसेंबरातल्या एका शनिवारी आम्ही अजून जमतो. पातळभाजी-पाव, मिरचीची भजी, जेवणाला सोलकढी. हत्ती आणि नाग यांचं जमणं कधीच बंद पडलं, त्यांच्यातले काही आता आमच्याकडेच येतात. मोर गटातल्या दोघीजणींनाही पिसांसकट सामावून घेतलंय. जॅग्वार चालतो तर मोर का चालू नये?

11 मे 2016 ला दाबोळीला हॅरियरचा निरोप झाला आणि पांढऱ्या वाघांकडे मिग-29के आलं. त्या डिसेंबरात काका आले होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली, कानाला यंत्र. मी विचारलं, "काका, नवीन विमान कसं?" "चांगलंय," म्हणाले, "पण थांबत नाही."

ते कागदी डोकं अजून आहे, आमच्यातल्या एकाच्या माळ्यावर. उंदरांनी डाव्या कानाचं काम तमाम केलंय, एक गोटी गळालीय, पण पांढरा रंग टिकून आहे. गेल्या खेपेला ते खाली काढलं आणि सगळ्यात धाकट्या नातवानं डोक्यावर चढवलं. आतून आवाज आला, "आजोबा, वास येतोय!" एवढ्यात गच्चीवरून मिग गेलं. बोलता बोलता आम्ही सगळे गप्प, कोणाच्या हातात वाटी, कोणाच्या तोंडाशी भजी. पोरगा डोकं काढून एकेकाकडे बघत राहिला. आवाज गेल्यावर मोर गटातली एक म्हणाली, "हं, तर मी काय म्हणत होते..."