पावशेर ज्येष्ठमध

"ताप जाऊन 3 आठवडे झाले, खोकला हटेना. ज्येष्ठमध पावशेर द्या. झाडपाल्याचंच आहे, जास्त झालं तर काय होतंय?"

दादरला काष्ठौषधींच्या दुकानात एक काकू. हातातल्या पिशवीत बीपीच्या गोळ्या!

होतं ना, काकू. ज्येष्ठमधातलं ग्लिसिरायझिन अंगात मीठ-पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम घटवतं, बीपी चढवतं. रोज काढा उकळायचा आणि गोळी काम करत नाही म्हणायचं.

व्हायरलनंतरचा कोरडा खोकला 3 ते 8 आठवडे रेंगाळतो. झोपताना चमचाभर मध, पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या. (वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात नको.)

मात्र 2 आठवडे उलटले की थुंकी तपासायची. सरकारी टीबी केंद्रात फुकट होते. हे काकूंना कोणी सांगितलं असेल?