मध्यात छोटा की लांब मोठा? पहिल्या फ्लॅटचा घोळ

पहिला फ्लॅट घ्यायचं ठरलं की घरातले सगळे एका रात्रीत तज्ज्ञ होतात. सासूबाईंचं म्हणणं, घर काय रोज होतं का, मोठंच घ्या, लांब असलं तर असू दे, सवय होते. माझा भाऊ म्हणतो ताई लोकेशन सोडून काही बघू नकोस, फरशी बदलता येते, किचन बदलता येतं, पत्ता नाही बदलता येत. नवरा एक्सेल उघडून बसलाय. आणि मी या सगळ्यात एवढंच विचारतेय की मंगळवारी संध्याकाळी मी घरी किती वाजता पोचणार आणि पोचल्यावर माझ्यात काही जीव उरणार का.

कारण बजेट एकच आहे. त्यात भर शहरात एक बेडरूम येते, उपनगरात दोन, वर बाल्कनी आणि पार्किंग. बघताना उपनगरवाला फ्लॅट नेहमीच जिंकतो, कारण खोली डोळ्यांना दिसते आणि प्रवास काही त्या फ्लॅटमध्ये उभं राहून दिसत नाही. विल्यम अलोन्सो नावाच्या अभ्यासकाने १९६४ मध्येच हे सगळं मांडून ठेवलंय, मध्यापासून जसजसं लांब जावं तसा जागेचा भाव उतरतो कारण तिथे राहणाऱ्याला जाण्यायेण्याचा खर्च जास्त पडतो, म्हणजे ती जास्तीची खोली स्वस्त वगैरे काही नसते, तिचे पैसे आपण रोज रस्त्यावर भरत असतो, थोडे खिशातून आणि बरेचसे वेळातून.

आता या हिशोबाने दोन्ही पारडी सारखीच व्हायला पाहिजेत ना? प्रवास वाढला पण घर मोठं मिळालं, फिटंफाट. तर ब्रुनो फ्राय आणि अलोइस स्टुत्झर या दोन अर्थतज्ज्ञांनी जर्मनीतल्या लोकांची अनेक वर्षांची माहिती तपासली (२००८ मध्ये छापून आलं) आणि त्यांना दिसलं की फिटंफाट होत नाही. ज्यांचा रोजचा प्रवास लांबचा ते आयुष्याबद्दल एकूणच कमी समाधानी होते, घर किंवा पगार यातून ती भरपाई पूर्ण होतच नव्हती. याचं एक कारण सांगितलं जातं ते मला फार पटतं. मोठ्या खोलीची आपल्याला सवय होते, काही महिन्यांत ती नुसती खोली होते. ट्रॅफिकची होत नाही, कारण तो रोज वेगळा त्रास देतो, आज पाऊस, उद्या अपघात, परवा उगाचच. म्हणजे सासूबाई म्हणतात ती सवय होते खरी, पण चुकीच्या गोष्टीची होते. (हे त्यांना सांगायची जबाबदारी नवऱ्याकडे दिलेली आहे.)

डॅनियल काह्नेमन हे मानसशास्त्रज्ञ आणि मंडळींनी २००४ मध्ये टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार बायकांना आदल्या दिवसाचा तासातासाचा हिशोब लिहायला लावला होता, त्यात सगळ्यात नावडती गोष्ट काय निघाली तर सकाळचा ऑफिसचा प्रवास. घरकामापेक्षाही नावडता! मला काही आश्चर्य वाटलं नाही.

म्हणून प्रवास नीट मोजायचा. एजंट सांगतो ती वीस मिनिटं ही रविवारी सकाळी सात वाजताची वीस मिनिटं असतात. आम्ही आवडलेल्या प्रत्येक फ्लॅटवरून कामाच्या दिवशी, नेमक्या गर्दीच्या वेळेला, ज्या वाहनाने रोज जाणार त्यानेच जाऊन बघतोय, आणि मोजायचं ते दारापासून दारापर्यंत, त्यात लिफ्टची वाट बघणं आलं, पार्किंगमधून गाडी बाहेर काढणं आलं, ट्रेन चुकली तर पुढची येईपर्यंतचा वेळ आला. सरासरीपेक्षा मी सगळ्यात वाईट दिवस बघते. रोज पन्नास मिनिटं लागत असतील तर त्याप्रमाणे माणूस दिवस आखू शकतो, पण कधी पस्तीस आणि कधी दीड तास असं असेल तर रोज दीड तासाच्या हिशोबानेच निघावं लागतं.

अजून एक गोष्ट, जी आम्हाला नकाशा समोर पसरल्यावर कळली. बहुतेक शहरांच्या रेल्वे, मेट्रो, मोठे रस्ते हे मध्यातून बाहेर फाटे फुटल्यासारखे जातात. मध्यात राहिलं तर चारी दिशा साधारण सारख्या अंतरावर असतात. पण एका टोकाच्या उपनगरात घर घेतलं आणि उद्या दोघांपैकी एकाची नोकरी दुसऱ्या टोकाला गेली तर आधी आत या मग परत बाहेर जा. कर्जाचा हप्ता वीस वर्षांचा आणि नोकरी कुठे वीस वर्षं टिकते आजकाल, त्यामुळे आजच्या ऑफिसजवळ घर घ्या हा सल्ला मला अर्धवट वाटतो. ज्यांना आठवड्यातून एखाद दिवसच ऑफिसला जावं लागतं त्यांचं गणित अर्थात वेगळं, त्यांनी बिनधास्त लांबची जास्तीची खोली घ्यावी, ती त्यांना दिवसभर लागते.

पैशाचा हिशोबही नुसत्या हप्त्यावर होत नाही. शिकागोच्या सेंटर फॉर नेबरहूड टेक्नॉलॉजी या संस्थेची पद्धत मला आवडली, ते घर आणि प्रवास दोन्ही खर्च एकत्र धरतात आणि म्हणतात की ही बेरीज उत्पन्नाच्या ४५ टक्क्यांच्या आत असावी. आम्ही एक्सेलमध्ये हा एक कॉलम वाढवला आणि उपनगरातला स्वस्त फ्लॅट एकदम तेवढा स्वस्त राहिला नाही, कारण तिथे एका गाडीवर भागत नाही, दुसरी लागते, आणि गाडी म्हणजे नुसता इएमआय नसतो, विमा, पेट्रोल, सर्व्हिसिंग आणि दर वर्षी कमी होणारी किंमत. शहरात उलटा प्रकार, तिथे पार्किंग मिळत नाही किंवा वेगळे पैसे मोजून घ्यावं लागतं, पण गाडीशिवाय चालत असेल तर तो प्रश्नच मिटला.

एवढं ऐकून वाटेल की मी भर शहराच्या बाजूने बोलतेय. तसं नाही. आवाज ही गोष्ट मी आधी हलक्यात घ्यायचे, आता नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१८ मध्ये सांगितलंय की रात्रीचा रस्त्यावरच्या वाहनांचा आवाज सरासरी ४५ डेसिबलच्या खाली असावा, आणि भर रस्त्यावरच्या इमारतीत हे अवघड आहे. मोबाईलवरचं डेसिबल अ‍ॅप काही अचूक नसतं पण दोन फ्लॅटची तुलना करायला चालतं, खिडकी उघडी ठेवून आणि बंद करून. आणि रात्री अकरानंतर तिथे जाऊन उभं राहायचं, दुपारी बघून काही कळत नाही. मात्र उपनगर म्हणजे शांतता असंही नाही हं, हायवेला लागून असलेली उपनगरातली बिल्डिंग ही शहरातल्या आतल्या गल्लीपेक्षा जास्त आवाजी असते. बेडरूम कुठल्या बाजूला आहे यावर अर्धा प्रश्न सुटतो.

मग बिल्डिंगचं वय. शहराच्या मध्यात बऱ्याच इमारती जुन्या, लांबच्या नव्या, असं साधारण दिसतं, आणि नवं म्हणजे निर्धास्त असं आपण धरून चालतो. नव्या कॉम्प्लेक्समध्ये स्विमिंग पूल, जिम, चार चार लिफ्ट असतात, सुरुवातीला मेंटेनन्स कमी असतो कारण सगळं नवीन असतं, दहा वर्षांनी पूल गळायला लागला की बिल सगळ्यांना, पोहत असा वा नसा. जुन्या इमारतीत निदान काय खराब झालंय ते दिसतं तरी. दोन्हीकडे प्रश्न एकच, सोसायटीकडे दुरुस्तीसाठी पैसे बाजूला आहेत का. फ्लोरिडात सर्फसाइड इथे २४ जून २०२१ रोजी चॅम्प्लेन टॉवर्स साऊथ ही १९८१ ची इमारत अर्धी कोसळली, ९८ माणसं गेली. तिच्या काँक्रीटची झीज २०१८ मध्येच एका इंजिनिअरने लिहून दिली होती, दुरुस्तीच्या खर्चावरून रहिवाशांमध्ये वाद चालू होते. नंतर २०२२ मध्ये तिथल्या राज्याने कायदा करून तीन किंवा जास्त मजल्यांच्या अशा इमारतींना ठराविक काळाने तपासणी आणि दुरुस्तीसाठी किती राखीव निधी लागेल याचा अभ्यास सक्तीचा केला. त्यामुळे फ्लॅट बघायला गेलं की मी फरशीच्या आधी सिंकिंग फंड, म्हणजे मोठ्या दुरुस्तीसाठी सोसायटीने बाजूला टाकलेले पैसे, किती आहे ते विचारते, एजंट जरा चमकून बघतात, बघू देत.

आमची गाडी सध्या कुठे आलीय तर दोन्ही टोकं सोडून. उपनगरच, पण स्टेशनपासून पायी जाता येईल असं. रिक्षाने नाही, बसने नाही, पायी, आणि ते पण आज चालू असलेल्या स्टेशनपासून, ब्रोशरवर ठिपक्यांच्या रेषेने काढलेल्या भविष्यातल्या स्टेशनपासून नाही, कारण त्या ठिपक्यांचे पैसे बिल्डर आजच घेतो आणि रेल्वे येते तिच्या सवडीने. असे फ्लॅट त्याच उपनगरातल्या आतल्या फ्लॅटपेक्षा महाग असतात, त्यामुळे दुसरी बेडरूम गेली आणि तिच्या जागी एक लहानशी स्टडी आली, जिला एजंट हट्टाने दीड बेडरूम म्हणतो. भावाला पटलंय. सासूबाई विचारतात पाहुणे आले तर कुठे झोपणार, मी म्हटलं आई हॉलमध्ये, त्या म्हणाल्या मग मी हॉलमध्ये का, यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही.

एक फ्लॅट आवडलाय. गर्दीच्या वेळेचा प्रवास बघून झाला, रात्री खाली उभं राहून झालं, बेडरूम मागच्या बाजूला आहे. सोसायटीचे मागच्या काही वर्षांचे हिशोब आणि सभेची इतिवृत्तं मागितली आहेत, मालक रोज उद्या देतो म्हणतोय. एजंट म्हणतो दुसरी पार्टी तयार आहे, टोकन देऊन टाका मॅडम. कागद आल्याशिवाय टोकन नाही असं त्याला कळवलंय.