डंकनला बाहेर का बसवले?

मी अमेरिकेच्या NBA बास्केटबॉल लीगमधील सॅन अँटोनियो स्पर्स संघाचा चाहता आहे हे कळले की बास्केटबॉल पाहणारी मंडळी फार वेळ न दवडता एकच प्रश्न पुढे करतात: २०१३ च्या अंतिम मालिकेतील मायामी हीटविरुद्धच्या सहाव्या सामन्यात स्पर्सचे प्रशिक्षक ग्रेग पॉपोविच यांनी अगदी शेवटी संघाचा उंच आधारस्तंभ टिम डंकनला बाहेर का बसवले, आणि तीन गुणांची आघाडी असताना मुद्दाम फाऊल (नियम मोडून प्रतिस्पर्ध्याला अडवणे) का करायला लावला नाही? तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

तो सामना १८ जूनच्या रात्री मायामीत झाला. आपल्याकडे तेव्हा १९ तारखेची सकाळ होती. स्पर्स मालिकेत ३-२ असे पुढे होते, म्हणजे आणखी एक विजय मिळाला की विजेतेपद, आणि २८.२ सेकंद उरली असताना गुणफलक स्पर्सच्या बाजूने ९४-८९ होता. चषक प्रदानासाठी मैदानाभोवती पिवळी दोरी आणली गेली होती आणि मायामीचे कित्येक प्रेक्षक उठून निघूनही गेले होते. तेवढ्यात मायामीच्या लेब्रॉन जेम्सचा थ्री-पॉइंटर (दूरच्या रेषेबाहेरून मारलेला तीन गुणांचा फटका) हुकला, पण सुटलेला चेंडू मायामीलाच मिळाला आणि लेब्रॉनने दुसऱ्या प्रयत्नात तीन गुण मिळवले. मग स्पर्सच्या कावाय लेनर्डने दोनपैकी एक फ्री थ्रो (फाऊलबद्दल मिळणारा एका गुणाचा मोकळा फटका) घातला: ९५-९२, १९.४ सेकंद बाकी. लेब्रॉनचा पुढचा थ्री-पॉइंटरही हुकला, रिबाउंड (हुकून परत आलेला चेंडू) मायामीच्या ख्रिस बॉशने घेतला, आणि त्याचा सहकारी रे ॲलन मागे न पाहता पावले मागे टाकत उजव्या कोपऱ्यात रेषेबाहेर पोहोचला. बॉशचा पास त्याच्या हातात आला आणि ५.२ सेकंद उरली असताना बरोबरी झाली. जादा वेळेत स्पर्स १०३-१०० असे हरले. दोन्ही वेळा रिबाउंड निसटला तेव्हा डंकन बेंचवर होता.

पॉपोविच यांचा विचार समजण्यासारखा होता. मायामीला तीन गुण हवे होते, म्हणजे रक्षण करायचे ते रेषेबाहेरचे. बॉश उंच असूनही चपळ होता आणि त्याचा लांबचा फटकाही चांगला होता, तर डंकन ३७ वर्षांचा होता. स्क्रीन लागला (प्रतिस्पर्ध्याने वाटेत उभे राहून रक्षकाला अडवले) की लगेच स्विच करून, म्हणजे आपापसांत खेळाडू बदलून, समोर येईल त्याला धरायचे, तर पाचही खेळाडू चपळ हवेत, म्हणून डंकनच्या जागी स्पर्सचाच बोरिस डिऑव. आणि ही योजना ज्यासाठी होती ते काम तिने केले, हे वाद घालणारे सहसा विसरतात: लेब्रॉनचा पहिला फटका दोन्ही वेळा हुकलाच होता. हरवले ते रिबाउंडने, आणि डंकनने त्या सामन्यात १७ रिबाउंड घेतले होते.

तरीही मी पॉपोविच यांना पूर्ण निर्दोष ठरवत नाही, आणि त्याचे कारण घड्याळात आहे. तीन-चार सेकंद उरलेली असतील तर पहिला फटका हाच शेवटचा असतो. तेव्हा रिबाउंडची किंमत जवळजवळ शून्य, आणि डंकनला बसवणे शंभर टक्के योग्य. १९.४ सेकंद असताना मात्र समोरचा संघ एक फटका चुकवून दुसरा मारू शकतो. काही क्षणांपूर्वी नेमके तेच घडलेले असताना निदान दुसऱ्या खेपेला तरी डंकन बास्केटखाली हवा होता, असे माझे मत आहे.

फाऊलबद्दल मी उलट बाजूला आहे. हिशेब सोपा वाटतो: दोन फ्री थ्रोंचे दोनच गुण, आघाडी शाबूत. पण एवढा वेळ शिल्लक असताना फाऊल केला की सामना फ्री थ्रोंच्या अदलाबदलीत जातो, आणि स्पर्सच्या मनू जिनोबिली आणि लेनर्ड या दोघांनी शेवटच्या तीस सेकंदांत प्रत्येकी एक फ्री थ्रो नुकताच घालवला होता. उशिरा फाऊल करावा, तर लेब्रॉन पास मिळताच फटक्यासाठी उडी घेतो. हात अर्ध्या क्षणाने उशिरा लागला की तो थ्री-पॉइंटर मारतानाचा फाऊल ठरून तीन फ्री थ्रो बहाल. शिवाय मायामीने दुसरा फ्री थ्रो मुद्दाम चुकवला, तर प्रश्न पुन्हा रिबाउंडचाच.

त्या दोन चुकलेल्या फ्री थ्रोंपैकी एक जरी पडला असता, तरी ॲलनच्या फटक्याने बरोबरी झाली नसती. त्यांवर मात्र कोणी तासभर भांडत नाही, कारण भांडायला तिथे दुसरा पर्यायच नसतो. फ्री थ्रो पडतो किंवा पडत नाही. प्रशिक्षकाच्या निर्णयाला ‘असे केले असते तर’ जोडता येते, म्हणून सगळी चर्चा तिकडे वळते. सातव्या सामन्याचेच पाहा. शेवटच्या मिनिटात मायामी दोन गुणांनी पुढे असताना डंकन मैदानावरच होता, आणि बरोबरी साधून देणारा अगदी जवळचा फटका त्याच्याच हातून चुकला. स्पर्स ९५-८८ असे हरले. त्या फटक्याबद्दल मला अजून कोणी विचारलेले नाही.